झाड आत, फांदी बाहेर आणि नोटीस सेक्रेटरीच्या नावावर

पत्र (थोडं कापून देतेय, मूळ साडेचार पानांचं होतं):

'मॅडम, मी पुण्यातल्या एका ३२ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, हौसेने नाही, एजीएममध्ये कुणीच हात वर केला नाही म्हणून. आमच्या कंपाउंडमध्ये कोपऱ्यात जुना रेनट्री आहे, बिल्डिंगच्या आधीपासूनचा. खोड आत, पण अर्ध्याहून जास्त पसारा रस्त्यावर. खाली रिक्षा उभ्या असतात, वडापावची गाडी लागते, सकाळी स्कूलबस थांबते. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा एक फांदी तुटून पार्क केलेल्या गाडीवर पडली, काच फुटली, बॉनेट चेपलं. गाडीवाला ३८ हजार मागतोय. जुलैअखेरीस महापालिकेची नोटीस आली की धोकादायक फांद्या काढून घ्या, काही झाल्यास जबाबदारी सोसायटीची राहील. ऑगस्टमध्ये आम्ही परवानगीसाठी अर्ज केला, तीन महिने झाले, उत्तर नाही. आता एक कमिटी मेंबर म्हणतात रविवारी पहाटे माणूस बोलवू आणि उडवून टाकू, कोण बघतंय. दुसऱ्या ताई म्हणतात हेरिटेज ट्री आहे, हात लावलात तर जेल. काढलं तर गुन्हा, ठेवलं तर गुन्हा. उद्या कुणाच्या डोक्यात पडली तर माझ्यावर येईल का? आणि ते रिक्षावाले, त्यांना हलवायचं का?
– वैतागलेला सेक्रेटरी'

सेक्रेटरीसाहेब,

आधी ते रविवार पहाटेचं रद्द करा. बाकीचं वाचायच्या आधी त्या मेंबरना फोन करा आणि मग पुढे वाचा, मी थांबते.

झालं? आता बसा. तुमच्या पत्रात तुम्ही काढलं तर गुन्हा आणि ठेवलं तर गुन्हा असं लिहिलंय ना, ते अगदीच खोटं नाहीये, पण अर्धवट आहे. न विचारता काढलं तर गुन्हा, आणि धोका माहीत असून गप्प बसलात तर जबाबदारी, आणि या दोघांच्या मधे एक बऱ्यापैकी रुंद वाट आहे जिच्यावरून कुणीच चालत नाही कारण तिथे कागद लिहावे लागतात. तुम्ही एक अर्ज करून थांबलात, तिथेच गाडी अडकलीय.

आपल्याकडे शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करणारा कायदा आहे. लोकांना वाटतं तो फक्त बुंध्यापासून झाड तोडण्यापुरता आहे, तसं नाहीये, त्या कायद्यात झाड तोडणे याची व्याख्याच अशी केलीय की जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं त्यात बसतं. म्हणजे पहाटे पाच वाजता करवत घेऊन आलेला माणूस 'फक्त फांद्या' उडवून गेला तरी तो त्यात बसू शकतो आणि त्याला बोलावणारेही बसू शकतात, आणि शिक्षेत दंडही आहे, कैदही आहे. कोण बघतंय म्हणाल तर समोरच्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा माणूस बघतोय, तो व्हिडिओ काढतो, आणि सोमवारी सकाळी उद्यान खात्याचा माणूस गेटवर असतो. झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं, आपल्या आजोबांनी लावलेलं असलं, परदेशी जातीचं असलं तरी परवानगी लागते. (रेनट्री मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण 'हे काय आपलं झाड नाही' हा युक्तिवाद वृक्ष अधिकाऱ्यापुढे, म्हणजे झाडांच्या परवानग्या बघणाऱ्या पालिकेच्या अधिकाऱ्यापुढे, करू नका, मी एकदा करताना ऐकलाय, फार वाईट गेला.)

आता हेरिटेजवाल्या ताईंचं. २०२१ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड म्हणजे वारसा वृक्ष असं धरलं गेलं. तुमचा रेनट्री बिल्डिंगच्या आधीचा आहे म्हणताय, बिल्डिंग कधीची ते लिहिलं नाहीये, पण ७० च्या दशकातली असेल तर ताईंचं बरोबर आहे. त्याच दुरुस्तीत असंही आलं की झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, म्हणजे साठ वर्षांचा रेनट्री गेला तर साठ रोपं, आणि ती लावायला तुमच्याकडे जागा कुठेय, पार्किंगमध्ये? पण ताईंचं दुसरं वाक्य चुकलंय. वारसा वृक्ष म्हणजे हात लावायचा नाही असं नाही, हात लावायच्या आधी विचारायचं आणि जास्त नीट विचारायचं, एवढंच. वाळलेली फांदी पन्नास वर्षांच्या झाडावर असली म्हणून ती खाली पडायची थांबत नाही. आणि तुम्हाला मुळात झाड तोडायचंच नाहीये, फांद्यांचं ओझं कमी करायचंय, तर अर्जात तसंच लिहा. मला शंका आहे की तुमच्या ऑगस्टच्या अर्जात 'झाड काढणेबाबत' असा विषय आहे. असतोच. टायपिंगवाल्याकडे तोच नमुना असतो. तोडायचा अर्ज म्हटला की झाडावर नोटीस चिकटवा, पेपरात द्या, हरकती मागवा, असं सगळं सुरू होतं, आणि तुम्हाला हवी होती छाटणी.

आता मुद्द्याचं, पडलं तर कुणावर येतं.

यात एक जुनी केस आहे जी प्रत्येक सेक्रेटरीला माहीत पाहिजे. १९७५ च्या मार्चमध्ये राजकोटला एक माणूस, नोकरीसाठी रोज बाहेरगावहून येणारा, ऑफिस सुटल्यावर स्टेशनकडे चालला होता आणि रस्त्याकडेचं झाड अचानक त्याच्यावर पडलं, तो गेला. बायकोमुलांनी महापालिकेवर नुकसानभरपाईचा दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकले, हायकोर्टात जिंकले, आणि बावीस वर्षांनी, १९९७ मध्ये, सुप्रीम कोर्टात हरले. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की झाड पडणार आहे हे महापालिकेला माहीत होतं असं काही समोर आलेलं नाही आणि रस्त्यावरचं एकेक झाड सतत तपासत राहण्याचं कर्तव्य तिच्यावर टाकता येणार नाही. घरच्यांच्या दृष्टीने फार कडू निकाल आहे, मला तो कधीच पूर्ण पटलेला नाही. पण त्यातून निघणारी गोष्ट तुमच्या कामाची आहे: सगळा खेळ 'माहीत होतं का' यावर आहे.

हे कोर्टाने हवेतून आणलेलं नव्हतं, इंग्लंडमध्ये १९२६ ची तर तुमच्यासारखीच केस आहे. बीचच्या झाडाची फांदी रस्त्यावर आलेली, ती तुटून खालून जाणाऱ्या मोटारकोचवर पडली. मालकावर दावा. निकाल मालकाच्या बाजूने, कारण फांदीतला दोष आतला होता, बाहेरून बघून कळण्यासारखा नव्हता, आणि फांदी नुसती रस्त्यावर आलीय म्हणून मालक दोषी होत नाही.

आता तुमच्या दोन तारखा बघा. जूनमध्ये फांदी पडली तेव्हा तुमच्याकडे नोटीस नव्हती. त्याआधी कुणी तक्रार केली होती का, मीटिंगच्या मिनिट्समध्ये 'रेनट्री धोकादायक झाला आहे, चर्चा झाली, पुढील सभेत घेऊ' असं काही आहे का, ते आज रात्री शोधा. नसेल आणि फांदी बाहेरून हिरवीगार होती असं फोटोत दिसत असेल तर त्या गाडीवाल्यापुढे तुमची बाजू बरी आहे. असेल तर बाजू पातळ आहे, आणि मग मी सांगेन की कोर्टात जाऊ नका, मिटवा. 'पावसाने पडली, देवाची करणी' हे मात्र म्हणू नका, पुण्यात जूनमध्ये पाऊस येतो ही देवाची करणी आहे हे कुठल्या जजला सांगणार?

जुलैअखेरपासून मात्र चित्र पालटलं. नोटीस तुमच्या फाइलला लागली त्या दिवसापासून तुम्हाला माहीत आहे. तीच फांदी, तेच झाड, पण आता 'आम्हाला कल्पना नव्हती' हे वाक्य तुमच्या तोंडून गेलं. त्यातच गंमत अशी की (गंमत कसली) तुमच्या अर्जाच्या दिवसापासून महापालिकेलाही माहीत आहे. राजकोटवाली पळवाट त्यांनाही आता तशी मिळणार नाही. म्हणून तो अर्ज, त्यावरचा आवक क्रमांक आणि शिक्का, ही तुमची आत्ताची सगळ्यात महाग वस्तू आहे. मूळ प्रत कुठे आहे? मागच्या खजिनदाराच्या घरी असेल तर जाऊन घेऊन या.

चेंबूरच्या स्वस्तिक पार्कचं २०१७ चं आठवतं का, जुलै महिना, सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंवर नारळाचं झाड पडलं, सीसीटीव्हीचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. ते झाड काढा म्हणून आधी अर्ज गेला होता आणि पालिकेने पाहणी करून काढायची गरज नाही ठरवलं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या. बाई वारल्या त्या वारल्याच, पण नंतरच्या भांडणात ज्यांनी अर्ज केला होता त्यांच्या हातात निदान दाखवायला कागद होता.

तुमच्यावर व्यक्तिशः येईल का, हा खरा प्रश्न, बाकी सगळं तुम्ही त्यासाठीच लिहिलंय. भरपाईचा दिवाणी दावा आला तर तो सोसायटीवर येतो, सहकारी संस्था म्हणजे कायद्याने वेगळी व्यक्ती आहे, झाड तिचं आहे, तुमचं नाही. फौजदारी वेगळं. कुणाचा जीव गेला तर पोलिस निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा नोंदवू शकतात, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तिथे सोसायटी नावाची बिल्डिंग काही पोलिस स्टेशनला जाऊन बसत नाही, माणसं बसतात, चेअरमन, सेक्रेटरी. घाबरवत नाहीये. तिथेही हेच विचारलं जाईल की माहीत असून काय केलंत. 'नोटीस आली, आम्ही अर्ज केला, उत्तर आलं नाही, आम्ही तीनदा स्मरणपत्र दिलं, खाली बोर्ड लावला, पट्टी बांधली, झाड तपासून घेतलं' असं सांगणारा सेक्रेटरी आणि 'नोटीस आली, आम्ही गणपतीत बिझी होतो' असं सांगणारा सेक्रेटरी, दोघांची अवस्था सारखी नसते.

एक गोष्ट तुम्ही तपासली नसणार, जवळजवळ कुणीच तपासत नाही. ते झाड तुमचंच आहे ना? हसू नका. पुण्यात रस्तारुंदीत कित्येक जुन्या सोसायट्यांनी पुढची पट्टी महापालिकेला दिलीय, एफएसआयच्या, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या हक्काच्या बदल्यात, आणि कंपाउंडची भिंत मात्र जिथे होती तिथेच उभी. कागदावर जागा गेली, झाड त्या पट्टीत, आणि सोसायटी वीस वर्षं त्याच्या पानांचा कचरा उचलतेय. प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा आणि रस्तारुंदीचा करारनामा काढून बघा, भिंतीपासून खोडापर्यंत टेप लावा. खोड ज्याच्या जमिनीत त्याचं झाड, फांदी कुठे गेलीय त्यावर मालकी ठरत नाही. खोड दिलेल्या पट्टीत निघालं तर तुमच्या नोटिशीला दोन ओळींत उत्तर देता येईल, आणि मग मला पेढे.

तुमचंच निघालं तरी रस्त्याकडच्या बाजूला काय झालंय ते बघा. गेल्या दोनचार वर्षांत तिथे ड्रेनेज किंवा केबलसाठी खोदलं होतं का? पेव्हर ब्लॉक, काँक्रीट खोडाला भिडवलंय का? मुळं कापली की झाड त्याच बाजूने सैल होतं, वर्षभराने, दोन वर्षांनी, तेव्हा खोदणारा कॉन्ट्रॅक्टर तिसऱ्याच वॉर्डात असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा म्हणून आदेश दिलेला आहे, आपल्याकडे गुळगुळीत फूटपाथच्या नादात ती राहत नाही. फोटो काढा, तारखेसकट, आणि ते स्मरणपत्राला जोडा. पूर्ण जबाबदारी त्यामुळे सुटत नाही पण वाटली जाते.

तर आता करायचं काय. स्मरणपत्र, या आठवड्यात, क्षेत्रीय कार्यालयाच्या उद्यान विभागाला आणि एक प्रत थेट वृक्ष अधिकाऱ्याला. विषय बदला: 'रस्त्यावर आलेल्या धोकादायक फांद्यांच्या शास्त्रीय छाटणीस परवानगी मिळणेबाबत.' आत त्यांच्याच नोटिशीचा क्रमांक आणि तारीख टाका, म्हणजे एकीकडे काढा म्हणता आणि दुसरीकडे परवानगी देत नाही हे त्यांच्याच कागदावरून दिसेल. जूनची फांदी पडल्याचा फोटो, स्कूलबस थांबते त्याचा फोटो. जीविताला तातडीचा धोका असेल तर वृक्ष अधिकाऱ्याला लगेच पाऊल उचलायची सोय कायद्यात आहे, तिचा उल्लेख करा. कुणी सांगेल की मुदत उलटली, उत्तर नाही म्हणजे परवानगी मिळाल्यातच जमा, तर मी असल्या भरवशावर माझ्या अशिलाला करवत उचलू देणार नाही. त्यापेक्षा पंधरा दिवस वाट बघा, मग माहिती अधिकारात विचारा की अमुक अर्जावर पाहणी कधी झाली, कुणी केली, अहवाल काय. बऱ्याचदा माहिती अधिकाराचा अर्ज पडला की दुसऱ्या आठवड्यात पाहणीला माणूस येतो, हा योगायोग मी इतक्यांदा बघितलाय की आता त्यावर बोलत नाही.

तरीही हलले नाहीत तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे, त्यात चक्क झाडाचा उल्लेख आहे, पडून येणाऱ्याजाणाऱ्यांना इजा होण्यासारखं झाड असेल तर ते काढायचा किंवा आधार द्यायचा आदेश ते देऊ शकतात. लक्षात ठेवा, हेच हत्यार रिक्षावाले किंवा शाळेतले पालक तुमच्यावरही चालवू शकतात.

छाटणीबद्दल थोडं, कारण इथे पैसे वाचवायला जाऊन लोक झाड मारतात. आमच्या बिल्डिंगमध्ये गुलमोहर छाटायचा होता, परवानगी वगैरे घेऊन, तर दोन माणसं आली होती कोटेशन द्यायला. पहिल्याने खालूनच बघून आकडा सांगितला. दुसरा वर चढला, फांदीच्या बेचक्यात हात घालून बघितलं, खोडावर हातोडीच्या दांड्याने ठोकत खाली आला आणि विचारलं, 'मॅडम, फांदी पाडायची का उतरवायची?' मला फरकच माहीत नव्हता. पाडायची म्हणजे कापली की धाडकन खाली. उतरवायची म्हणजे आधी दोर बांधायचा, वरच्या बेचक्यातून फिरवून खाली दोघांनी धरायचा, मग कापायची आणि लहान मूल पाळण्यातून काढावं तशी खाली आणायची. दीडपट पैसे. तुमच्या खाली वायरी आहेत, रस्ता आहे, उतरवणाराच बघा. आणि जिथे पोकळ आवाज आला तिथे त्याने खडूने खूण केली होती, तो फोटो आम्ही अर्जाला जोडला. तुमच्याकडे बुंध्याशी अळंबीसारखे थर आलेत का, ढोली आहे का, पावसानंतर मुळाजवळ मातीला भेग दिसते का, एवढं तरी तो माणूस यायच्या आधी बघून ठेवा.

फक्त रस्त्याकडची बाजू सपाट करू नका. नोटीस रस्त्याची आलीय म्हणून लोक तेवढीच बाजू उडवतात आणि मग सगळं वजन बिल्डिंगकडे, पुढच्या पावसात बी विंगच्या गॅलरीत. दोन्हीकडून थोडं थोडं. आणि आता नोव्हेंबर आहे ते बरं आहे, पावसाळ्यात रेनट्रीवर बगळ्यांची घरटी असतात, पिल्लांसकट फांदी खाली आली तर झाडांचा कायदा राहिला बाजूला, वन्यजीवांचा १९७२ चा कायदा लागतो, त्यात घरटं, अंडी मोडणंही शिकारीतच धरलंय. तरी चढायच्या आधी वर एकदा नजर टाकायला सांगाच.

गाडीवाल्याचं. त्याला लेखी 'आमची चूक झाली' असं काही देऊ नका, व्हॉट्सअपवर तर अजिबात नाही. आधी विचारा, इन्शुरन्स फुल आहे का थर्ड पार्टी. फुल असेल तर झाड पडून झालेलं नुकसान त्याच्याच पॉलिसीत बसतं, त्याने क्लेम लावावा, आणि खिशातून गेलेली रक्कम किंवा गेलेला नो-क्लेम बोनस एवढ्यावर बोलणं करा. द्यायचं ठरलं तर जबाबदारी मान्य न करता, शेजारधर्म म्हणून, पूर्ण आणि अंतिम, असं लिहून, सही घेऊन, कमिटीचा ठराव करून, चेकने. रोख नाही. ३८ हजारांचं बिल बघायला मागा, काच आणि बॉनेट म्हणताय तर त्यात मागचा बंपर का आहे हे बघायला.

आणि रिक्षावाले. हलवायचं का म्हणजे, रस्ता महापालिकेचा, स्टँड तुम्ही दिलेला नाही, तुम्हाला हलवायचा अधिकार नाही. पण सांगायचा आहे, आणि सांगितलं हे दिसायलाही पाहिजे. भिंतीवर मराठीत बोर्ड लावा, 'वरील फांद्या धोकादायक, खाली थांबू नये, वाहन लावू नये', फोटो काढून ठेवा, वाहतूक पोलिसांना एक पत्र, शाळेला एक पत्र की परवानगी मिळेपर्यंत बस वीस पावलं पुढे थांबवा. शाळा ऐकेल. रिक्षावाले बोर्ड वाचून तिथेच रिक्षा लावतील, सावली आहे ना. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याशी बोला, प्रत्येक स्टँडवर एक असतो, चहा पाजा, आणि विचारा की जूनमध्ये फांदी पडायच्या आधी काही आवाज आला होता का. तीच माणसं त्या झाडाखाली दिवसाचे दहा तास असतात, कुठली फांदी करकरते ते त्यांना माहीत असतं, आणि वर चढणाऱ्याला तेच आधी सांगा.